भाच्यासाठी ‘इंटरनॅशनल एजन्सी’चा फोन आलाय, या एजन्स्या चालतात तरी कशा?

मानेवाड्याचा_मामा

नमस्कार मंडळी. माझा भाचा कामठीत राहतो, सोळावं वर्ष चालू आहे, डाव्या विंगला खेळतो. घरचा आहे म्हणून कौतुक करत नाही. रब्बानी मैदानावर वर्षानुवर्षं येऊन बसणारी म्हातारी मंडळी आहेत, ती सहजासहजी कोणाला बरं म्हणत नाहीत. त्यांनी याला बरं म्हटलंय. कामठीवाल्यांना मी काय सांगतोय ते कळेल.

तर इन्स्टावरच्या त्याच्या क्लिपा पाहून एका ‘इंटरनॅशनल प्लेअर रिप्रेझेंटेशन एजन्सी’चा मेसेज आला. मग व्हिडिओ कॉल झाला. एक जण टाय लावून दुबईहून बोलत होता, दुसरा हिंदीत समजावून सांगायला. त्यांनी पाठवलेल्या कागदाप्रमाणे करार पाच वर्षांचा, पोराला जे काही मिळेल त्यातले २० टक्के त्यांचे, मधेच सोडलं तर दंड, आणि स्पेनमधल्या ट्रायलसाठी ‘प्रोसेसिंग व प्रोफाइल’ म्हणून साडेतीन लाख आधी. ५०० च्या स्टॅम्प पेपरवर सह्या करून कुरिअर करा म्हणतात.

जावई गोंधळून गेलेत, ताई पाटल्या मोडायला निघाली आहे, आणि पोरगं मनाने केव्हाच माद्रिदला पोचलंय. मी वीज खात्यातला माणूस, यातलं ओ की ठो कळत नाही. मला एवढंच विचारायचंय, की खऱ्या एजन्सीचं ऑफिस दिवसभर करतं काय? तिला पैसा कुठून मिळतो? आणि हे लोक त्यात बसतात का? कृपा करून नुसतं ‘फ्रॉड आहे’ लिहू नका. तेवढ्यावर माझी ताई ऐकणार नाही, तिला कारण लागतं.

कायबे_नागपूर

मामा, साडेतीन लाखात पोरगं तिथली टोमॅटोची जत्रा पाहून वापस येईल. ब्लॉक मारा न बे.

मानेवाड्याचा_मामा

भाऊ, हेच लिहू नका म्हटलं होतं.

सदरची_वकील

मामा, ताईंसाठी कारणं मी देते. लांबेल, चहा घेऊन बसा.

मी वकील आहे, पण जिल्हा न्यायालयात फारशी दिसत नाही. गेली काही वर्षं माझं मुख्य काम एका युरोपीय एजन्सीसाठी घरून चालतं. करार वाचायचे, कागद जमवायचे, ट्रान्सफर विंडो (खेळाडूंनी क्लब बदलायची ठराविक मुदत) बंद व्हायच्या दिवशी मध्यरात्र उलटून गेली तरी तिकडच्या माणसाशी एका कलमावरून वाद घालत बसायचं. फुटबॉल मला बेताचाच कळतो. तो कळणारी माणसं आमच्याकडे वेगळी आहेत आणि त्यांना पगार आमच्यापेक्षा कमी आहे, यावरून धंद्याचा अंदाज करा.

आधी पैसा. एजन्सीची कमाई खेळाडूच्या पगारावर आणि क्लबांच्या व्यवहारावर. फिफाने २०२३ मध्ये एजंटांसाठी नवे नियम आणले. खेळाडूचा वर्षाचा मोबदला २ लाख डॉलरपर्यंत असेल तर त्याच्याकडून जास्तीत जास्त ५ टक्के, त्यावरच्या रकमेला ३ टक्के. खेळाडूला घेणाऱ्या क्लबाचं काम केलं तरी हाच दर. विकणाऱ्या क्लबाचं केलं तर ट्रान्सफर फीच्या, म्हणजे खेळाडू देण्याबद्दल त्याला मिळणाऱ्या रकमेच्या, १० टक्क्यांपर्यंत. बड्या एजन्स्या खवळल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, जर्मनीत डॉर्टमुंडच्या न्यायालयाने मनाई हुकूम दिला आणि ३० डिसेंबर २०२३ ला फिफाने या मर्यादेसह काही कलमं जगभर स्थगित केली. पण मर्यादा असो की नसो, खेळाडूच्या सगळ्या कमाईवर २० टक्के हा आकडा माझ्या टेबलावर आलेल्या करारांत मी अजून पाहिलेला नाही.

आता हिशेब करू. समजा उद्या तुमच्या भाच्याला आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या एखाद्या क्लबात वर्षाला २४ लाख मिळाले. ५ टक्के म्हणजे १ लाख २० हजार. तेही पगार मिळाला तर. एवढ्यासाठी एजन्सीने त्याच्यामागे आधी दोन-तीन वर्षं फोन, प्रवास, व्हिडिओ यात घातलेली असतात, स्वतःच्या खिशातून. हाताशी धरलेल्यांपैकी बहुतेक पोरं कुठेच पोचणार नाहीत हे तिने गृहीत धरलेलं असतं. ही भरपाई होते एखाद्या मोठ्या सौद्यात. २०२३ या एका वर्षात आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरमध्ये क्लबांनी एजंटांना दिलेली फी फिफाच्या अहवालाप्रमाणे ८८ कोटी डॉलरच्या वर होती, आणि त्यातला मोठा वाटा मोजक्या हातांत जातो.

तुम्हाला फोन करणाऱ्यांचं गणित बघा. पोरगं एक मिनिट खेळलं नाही तरी साडेतीन लाख त्यांचे झाले. अशी शंभर पोरं गाठली की साडेतीन कोटी, आणि एकाही क्लबाला फोन करायची गरज नाही. ताईंना विचारा, कळमना बाजारातला अडत्या अडत कधी घेतो? माल विकल्यावर. आंबिया बहार धरायच्या आधीच बागेत येऊन ‘संत्र्याची प्रोफाइल बनवतो, तीन लाख काढा’ म्हणणारा अडत्या त्यांनी पाहिला आहे का?

ऑफिसात काय चालतं तेही सांगते, कारण खोट्याला हेच सांगता येत नाही.

आमच्याकडे एक माणूस आहे, त्याचं निम्मं आयुष्य क्लबांच्या स्पोर्टिंग डायरेक्टरांशी फोनवर जातं. प्रश्न एकच, पुढच्या विंडोत तुम्हाला काय हवंय? त्याच्या शीटमधली एक ओळ साधारण अशी असते: ‘डावखुरा सेंटर बॅक, उंची १८८ सेंमीच्या वर, वय २३ च्या आत, पगार अमुकपर्यंत, लोन (ठराविक काळापुरता उसना खेळाडू) चालेल.’ क्लबाची गरज पक्की असली तर तो लेखी अधिकारपत्र देतो, त्याला मँडेट म्हणतात. मग आपल्या यादीतल्या खेळाडूंशी जुळवाजुळव. यादीत कोणी नसेल तर दुसऱ्या देशातल्या भागीदार एजंटाला विचारायचं आणि कमिशन वाटून घ्यायचं. आंतरराष्ट्रीय एजन्सी म्हणजे बहुतेक वेळा ही अशी ओळखींची साखळी असते. प्रत्येक देशात काचेचं ऑफिस नसतं.

खेळाडू पसंत पडतो की नाही ते वायस्काउटसारख्या व्हिडिओ संग्रहातून ठरतं. इथे माझ्याच एका सहकाऱ्याचं म्हणणं सांगते, तो दिवसभर फिल्मा कापतो. तो म्हणतो, गोल सगळ्यांचेच छान दिसतात, मला पोरगं बॉल नसताना कुठे उभं आहे ते दाखवा. विंगर असेल तर बॉल गेल्यावर तो मागे पळतो का, फुलबॅकला मदत करतो का, ऐंशीव्या मिनिटाला चालायला लागतो का. इन्स्टाच्या पंधरा सेकंदांत यातलं काहीही कळत नाही. मामा, त्या टायवाल्याने भाच्याचा एक तरी पूर्ण सामना मागितला होता का? कुठला पाय, कुठली जागा, मागच्या वर्षी किती सामने, दुखापत काय, एवढं तरी?

सौदा ठरला की माझं काम. पगार, बोनस, घरभाडं, क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला तर काय, पगार थकला तर काय, पुढे विकलं तर मूळ क्लबाला किती. मग फिफाची टीएमएस ही ऑनलाइन प्रणाली. त्यात दोन्ही क्लबांनी भरलेली माहिती तंतोतंत जुळावी लागते, मगच जुन्या देशाच्या फुटबॉल फेडरेशनकडून नव्या देशाच्या फेडरेशनला आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र जातं. एका अक्षराच्या फरकावरून विंडो हुकलेली माणसं आहेत.

आणि उरलेलं ऑफिस चक्क घरगुती कामं करतं. टॅक्सवाला गाठून देणं, बँक खातं, बूट कंपनीचा करार, आईच्या व्हिसाचे कागद. एक मुलगी खेळाडूंच्या मुलांसाठी बालवाड्या शोधते आणि ती रजेवर गेली की सगळं ऑफिस हवालदिल होतं. हे लाड फुकट नसतात. फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडू आणि एजंट यांच्यातला करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो आणि तो आपोआप वाढत नाही, नव्याने सही लागते. त्यामुळे खेळाडू दुसऱ्या एजन्सीकडे उडून जाईल ही धास्ती कायम. जॉर्ज मेंदेश या पोर्तुगीज एजंटाची जेस्टिफ्यूट ही एजन्सी १९९६ पासून टिकली, ती नुसत्या सौदेबाजीवर टिकली असं मला वाटत नाही.

(या धंद्यात सगळे साधुसंत आहेत असंही समजू नका. पॉल पोग्बा २०१६ मध्ये १०.५ कोटी युरोला मँचेस्टर युनायटेडला गेला, तेव्हा त्याचे एजंट मिनो रायोला खेळाडू, घेणारा क्लब आणि विकणारा क्लब अशा तिन्ही बाजूंनी होते असं नंतर छापून आलं. असल्याच प्रकारांमुळे २०२३ चे नियम आले.)

आता तुमचा कागद. पाच वर्षांची मुदत नियमातच बसत नाही. ‘मधेच सोडलं तर दंड’ हे कलम नीट वाचून पाहा, खेळाडूने स्वतःहून क्लबाशी बोलणी केली तर दंड असा त्याचा अर्थ असेल तर तेही चालत नाही. खेळाडूला एजंटाशिवाय करार करायचा हक्क असतो आणि तो काढून घेणारं कलम फिफा मानत नाही. सही करण्याआधी ‘स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्या’ असं एजंटाने तुम्हाला लेखी कळवायचं असतं. कळवलंय?

सगळ्यात मोठं म्हणजे वय. तो कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्याने स्वतः केलेला करार मुळातच शून्य, स्टॅम्प पाचशेचा लावा की पाच हजारांचा. फिफाचे नियमही अल्पवयीन खेळाडूंबाबत कडक आहेत. पोर ज्या देशात खेळणार त्या देशाच्या कायद्याप्रमाणे पहिला व्यावसायिक करार ज्या वयात करता येतो, त्याच्या सहा महिने आधीपर्यंत एजंटाने पोराशी किंवा पालकांशी संपर्कच करायचा नाही, आणि तोही आईवडिलांच्या लेखी संमतीने. शिवाय अल्पवयीनांसाठीचं वेगळं प्रशिक्षण त्या एजंटाने घेतलेलं असलं पाहिजे. इन्स्टावर थेट पोराला मेसेज, हे यातल्या कशात बसतं ते तुम्हीच ठरवा.

आणि स्पेन! आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर १८ पूर्ण झाल्यावरच. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर, युरोपीय संघातल्या संघात १६ ते १८ वयाचे खेळाडू, सीमेजवळ राहणारे, असे. कामठीतलं पोर यातल्या कशातही येत नाही. बार्सिलोनासारख्या क्लबाला अल्पवयीन परदेशी मुलांच्या नोंदणीवरून २०१४ मध्ये फिफाने दोन विंडो खेळाडू घ्यायला बंदी घातली होती. बार्सिलोनाला जे जमलं नाही ते हा दुबईचा माणूस साडेतीन लाखांत करून देणार आहे.

मानेवाड्याचा_मामा

मॅडम, एवढं लिहिल्याबद्दल किती आभार मानू. रात्री ताईला पूर्ण वाचून दाखवलं. पूर्ण सामना काऊन नाही मागितला, असं तिने स्वतः फोन करून विचारलं. तर म्हणे, आमचं एआय क्लिपवरूनच सगळं ओळखतं. फिफाचं एजंट लायसन्स विचारलं, तर एजन्सीच्या नावाचं सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट पीडीएफ पाठवलं, वर फिफाचा शिक्का. आता ते खरं की खोटं कसं पाहायचं?

सदरची_वकील

लायसन्स माणसाला मिळतं. कंपनीच्या नावाने ते निघत नाही, त्यामुळे ते सर्टिफिकेट तिथेच बाद. कॉलवर बोलणाऱ्या माणसाचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव मागा आणि फिफाच्या संकेतस्थळावरच्या एजंटांच्या यादीत शोधा, ती सगळ्यांना खुली आहे. नाव सापडलं तरी तो तोच माणूस आहे का ते बघा. दुसऱ्याच्या नावावर बोलणारे असतात.

रेशीमबाग_हाफबॅक

वकीलताईंनी लिहिलेलं सोळा आणे खरं. मी पोरांना शिकवतो, स्वतः स्पर्धा खेळून गुडघा घालवलेला माणूस. मले दुसरीच गोष्ट सांगायची आहे, जी आपल्या नागपुरात कोणी बोलत नाही.

मामा, पोराची आपल्या फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएसवर, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर, नोंद आहे का? कोणत्या क्लबाकडून, कितव्या वर्षापासून? आपल्याकडे पोरगं बारा वर्षांचं असल्यापासून क्लबात घाम गाळतं, पण कागदावर कुठेच नसतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आधार कार्डाची झेरॉक्स घेतली की झालं. पुढे एखाद्या क्लबाने त्याला घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, खेळाडूचा पासपोर्ट कुठाय? विमानाचा नाही. कोणत्या वर्षी कोणत्या क्लबात नोंद होती, त्याचा उतारा. तो कोरा असला तर पोराने खेळलेलं कोण सिद्ध करणार?

आणि यात क्लबाचाही पैसा बुडतो. फिफाचा सॉलिडॅरिटी नियम आहे. करार चालू असताना खेळाडू फी घेऊन दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर त्या फीचे ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे. १२ ते १५ या वयाच्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, त्यापुढच्या प्रत्येकाला अर्धा टक्का. म्हणजे १ कोटीच्या सौद्यात, पोरगं १२ ते १५ वयाचे चार हंगाम आपल्या क्लबात घडलं असेल तर १ लाख. एक लाखात आमच्या क्लबाचे वर्षभराचे बॉल, जाळ्या आणि मैदानाचं भाडं निघून वर बिस्किटं येतात. पण नोंद असेल तर. फुकट गेलेले असे लाख कोणी मोजलेच नाहीत इथे.

साडेतीन लाख द्यायचेच असतील तर पोराला चांगले बूट घ्या, सामने कोणाकडून तरी पूर्ण शूट करून घ्या, आणि अंडर-१७ च्या जिल्हा, राज्य ट्रायलला पाठवा. आयएसएल आणि तिच्या खालच्या लीगच्या क्लबांच्या अकादम्यांच्या निवड चाचण्या होतात, तिथे फॉर्मचे किरकोळ पैसे सोडून कोणी लाख मागत नाही.

सदरची_वकील

हाफबॅक काका, हा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता. यालाच जोडून कागदांचं सांगते, कारण माझे सगळ्यात जास्त तास यातच जातात. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर आडनाव आधी. जन्मतारीख शाळेत घालताना पुढेमागे केलेली असेल तर विषयच संपला, वयचोरीचा संशय आला की क्लब फोन उचलत नाही. मामा, हे सगळं आत्ता, सोळाव्या वर्षी, एकसारखं करून घ्या. सुरुवात जन्मदाखल्यापासून.

अठरा झाल्यावर युरोप कठीणच आहे, हेही ताईंना आत्ताच माहीत असू दे. इंग्लंडमध्ये वर्क परमिटसाठी गुण मोजतात आणि त्यात खेळाडूच्या देशाचं फिफा क्रमवारीतलं स्थान बघतात, आपण शंभराच्याही पलीकडे. नेदरलँड्समध्ये युरोपबाहेरच्या वीस वर्षांपुढच्या खेळाडूला तिथल्या वरच्या लीगमधल्या सरासरी पगाराच्या दीडपट पगार द्यावा लागतो, एवढा पैसा कोण अनोळखी पोरावर घालेल? गुरप्रीतसिंग संधू नॉर्वेच्या स्टॅबेकला गेला, सुनील छेत्री पोर्तुगालला स्पोर्टिंगकडे गेला, बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरीला गेला. तिघेही भारतात सीनियर फुटबॉल खेळून मग गेले. थेट इन्स्टावरून कोणी गेलेलं नाही.

धरमपेठ_११

ताई, थोडं विषयांतर. मी एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला स्वतः एजंट व्हायचं असेल तर?

सदरची_वकील

फिफाची परीक्षा असते. २० बहुपर्यायी प्रश्न, एक तास, ७५ टक्क्यांना पास. नियमावली उघडून बसता येतं, पण तासाभरात शोधत बसशील तर संपलास, कारण प्रश्न सरळ कलम विचारत नाहीत. ‘अमुक वयाचा खेळाडू अमुक देशातून तमुक क्लबात, भरपाई किती’ असे येतात. इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये देता येते. पास झाल्यावर लायसन्सची वर्षाला ६०० डॉलर फी आणि दरवर्षी थोडं सक्तीचं प्रशिक्षण.

लायसन्स मिळवणं सोपं आहे. खेळाडू मिळवणं अवघड. आधी हाफबॅक काकांसारख्या कोणाच्या क्लबात जाऊन पोरांची सीआरएस नोंदणी करून दे एक हंगाम. फी घेऊ नकोस. पोरं, पालक आणि कागद हे तिन्ही एकदम कळतील.

रेशीमबाग_हाफबॅक

ये बाबा, रविवारी सकाळी साडेसहाला. लॅपटॉप तुझा आण, आमचा चालू होऊन नाही राह्यला. मामा, तुम्हीही भाच्याला घेऊन या, जन्मदाखला ओरिजिनल आणा.